आजीची वाळूची भट्टी

दिवाळीच्या फराळात नानकटाईला कोणी मानाचे पान देत नाही. पहिला मान करंजीचा, मग चकली-चिवड्याचा, आणि साधलेच तर अनारशांचा. नानकटाई आपली बशीच्या कडेला अंग चोरून बसलेली. आमच्या घरात मात्र हा क्रम अगदी उलटा होता, आणि त्याला कारण आमची आजी.

आजी मूळची पुण्याची. तिच्या लहानपणी जुनी माणसे बेकरीच्या जिनसांकडे संशयानेच पाहत. १८९० साली पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून पुण्यात ग्रामण्य उभे राहिले आणि टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादात सापडावे लागले, ही हकीकत तिने सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेली. पाव तिने जन्मात तोंडात घातला नाही. पण भाजण्याचे वेड असे, की बेकरी वर्ज्य म्हणून तिने बेकरीच घरात आणली!

तिची भट्टी म्हणजे काय? कोळशाची शेगडी, तिच्यावर जाड बुडाचे पातेले, पातेल्यात चार बोटे वाळू, वाळूवर थाळी आणि वरच्या झाकणावर निखारे. तूप नि पिठीसाखर ती परातीत तळहाताने फेशी. पाण्याच्या वाटीत टाकलेला ठिपका तरंगला, की मगच मैदा, मूठभर रवा आणि वेलदोड्याची पूड. १९१० साली निघालेले लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' शेजारच्या काकूंकडे होते. पण आजीला अक्षर येत नव्हते. तिचे सगळे पाकशास्त्र नाकात! वास जरा बदलला की ती म्हणे, "काढा आता." थाळी बाहेर येई तेव्हा एकेकीच्या माथ्यावर नेमक्या भेगा पडलेल्या असत.

हे वेड मुळात हौसेचे नव्हते, बरे का. तेविसाव्या वर्षी आजीचे कुंकू पुसले गेले, तेव्हा पदरात चार वर्षांचे मूल होते. गिरगावातल्या चाळीत दिरांच्या आश्रयाला राहून तिने दिवाळीच्या दिवसांत लोकांच्या नानकटाया करून द्यायला सुरुवात केली. तूप-मैदा ज्याचा त्याने आणायचा. आजीची मजुरी तेवढी रोख. आमच्या अण्णांची मॅट्रिकपर्यंतची फी त्या वाळूतून निघाली.

अण्णा सरकारी कचेरीत कारकून झाले आणि पहिल्या पगाराच्या दिवशीच म्हणाले, "आई, आता लोकांसाठी निखारे फुंकायचे नाहीत." आजीने वाद घातला नाही. मोठे पातेले माळ्यावर गेले. घरच्यापुरते लहान तेवढे दिवाळीला शेगडीवर चढे.

जुलै १९६० मध्ये केंद्र सरकारी नोकरांचा पाच दिवसांचा संप झाला. अण्णा संपात होते. ते निलंबित झाले, घरात येणारा पैसा निम्म्यावर आला, आणि शाळेत जाणारी आम्ही तीन भावंडे! दिवाळी तोंडावर आलेली. एके दिवशी शाळेतून येऊन पाहतो तो मोठे पातेले शेगडीवर. अण्णा दारात उभे, चेहरा उतरलेला.

"आई, साठी आली तुझी. लोक काय म्हणतील?"

परातीवरची मान वर न करता आजी म्हणाली, "लोक म्हणतील, नानकटाई छान झाली. तू कोळसे घेऊन ये."

अण्णा क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्यांनी खुंटीवरची टोपी घातली, पिशवी घेतली आणि जिना उतरले. त्या पंधरवड्यात कोळसे त्यांनीच आणले आणि भरलेले डबेही घरोघर त्यांनीच पोचवले. पुढे त्यांना कामावर परत घेतले. पण "हे बंद कर" असे अण्णांनी पुन्हा कधी म्हटले नाही. उलट दर दिवाळीला माळ्यावरचे पातेले ते स्वतः खाली काढून देत.

१९७१ साली आजी गेली. आज आमच्या घरी विजेचा ओव्हन आहे. सूनबाईंच्या हाताला चव आहे आणि नानकटायांना भेगाही छान पडतात. फराळाच्या बशीत नानकटाईचा मान कितवा, यावर कोणाशी मी वाद घालीत नाही. आमच्या घरच्या दोन पिढ्या तिच्यावर शिकल्या, एवढेच सांगतो.