घराचा दर्शनी भाग आणि घराचे खरे वय

१/ पुण्याच्या जुन्या पेठांतून फिरताना अलीकडे एक दृश्य वरचेवर दिसते. शंभर-सव्वाशे वर्षांच्या एखाद्या घराची डागडुजी होते, परांचीचे बांबू उतरतात आणि मागून नवे ‘पेशवाई’ रूप प्रकट होते. फायबरच्या महिरपी, यंत्राने कापलेली केळफुले, झगझगीत पॉलिशचा दरवाजा आणि सिमेंटचा गुळगुळीत गिलावा. घरधन्याचा हेतू चांगला असतो, खर्चही मोठा झालेला असतो, तरीही घर परके वाटते. असे का होते आणि जुन्या घराचे रूप सावरताना काय पाहावे, याविषयी हा धागा.

२/ पहिला प्रश्न वयाचा. पुण्यातील कोणत्याही जुन्या घराला सरसकट ‘पेशवेकालीन वाडा’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि आज उभ्या असलेल्या घरांपैकी पुष्कळशी त्यानंतरच्या शतकात बांधली गेली. ती सावकारांची, वकिलांची, शिक्षकांची, व्यापाऱ्यांची घरे आहेत. त्यांच्यावर सरदारी मुखवटा चढवला की सरदार तर अवतरत नाहीच, उलट ज्या माणसाने कष्टाने ते घर बांधले त्याची खूण मात्र पुसली जाते. कालसुसंगत तपशील याचा अर्थ त्या घराच्या स्वतःच्या काळाचा तपशील.

३/ वय ओळखण्याच्या खुणा घरावरच असतात. दरवाजावर किंवा जोत्याच्या दगडात शके कोरलेले असेल तर त्यात ७८ मिळवावे, म्हणजे इसवी सन मिळते (वर्षाचे अखेरचे काही महिने असतील तर ७९). शके १८१२ म्हणजे १८९०-९१. पाटी नसेल तर गिलावा पडलेल्या जागी वीट पाहावी. पेशवेकालीन वीट पातळ, चपटी असते. इंग्रजी अमदानीतील वीट जाड होत गेली. मग कौले, कठडे, खिडक्यांचे गज पाहावेत. मात्र एकाच खुणेवर विसंबू नये, कारण घरे टप्प्याटप्प्याने वाढतात.

४/ पेशवेकालीन वाड्याने रस्त्याकडे जवळजवळ पाठ फिरवलेली असे. त्याचे जगणे आतल्या चौकाभोवती. बाहेर काळ्या दगडाचे जोते, वर जाड भिंत, उंचावर लहान झरोके. सारी शोभा एकवटलेली असे ती दरवाजात: भक्कम चौकट, वरच्या पट्टीवर कोरलेला गणपती, उंच उंबरठा, खिळ्यांनी जडवलेल्या फळ्या, आतून सरकवायचा अडसर आणि मोठ्या दारात बसवलेली छोटी दिंडी. दिंडीतून शिरणाऱ्याला वाकावे लागे. दांडगाईने कोणी घुसू नये, हा त्यातला उघड हिशेब होता. अशा भिंतीत आज रुंद काचेची खिडकी पाडली तर सगळी रचनाच निरर्थक होते.

५/ रस्त्याकडे नटून उभ्या राहिलेल्या वाड्याचे ठळक उदाहरण म्हणजे विश्रामबाग. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो बांधला. पेशवाईनंतर, १८२१ मध्ये, तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ मध्ये आगीत त्याचा पूर्वेकडचा दर्शनी भाग जळाला आणि लोकवर्गणी व नगरपालिकेची मदत यांतून तो पुन्हा उभारला गेला. पुण्याच्या लाकूडकामाचा नमुना म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, त्या दर्शनी भागाने स्वतःच एक दुरुस्ती पचवलेली आहे. चांगली दुरुस्ती कशी दिसते, याचे उत्तर भर बाजारात उभे आहे.

६/ त्या दर्शनी भागातील सुरूच्या झाडासारखे निमुळते, उभ्या पन्हाळीदार खांब नीट पाहावेत. खांब दगडी तळखड्यावर बसतो, म्हणजे जमिनीची ओल लाकडात चढत नाही. माथ्याशी तो रुंद होऊन तुळईला आधार देतो. दोन खांबांमधली लाकडी महिरप बहुधा भार पेलत नाही, ती शोभेचीच. म्हणजे वाड्याच्या कारागिरालाही निव्वळ शोभा वर्ज्य नव्हती. पण भार वाहणारा भाग कोणता आणि मिरवणारा कोणता, हे त्याला पक्के ठाऊक होते. फायबरचा पोकळ खांब काँक्रीटच्या तुळईला चिकटवला की हे भान हरवते.

७/ १८६० नंतर घरांची मुद्रा बदलू लागली. १८६३ मध्ये बोरघाटातला रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि मुंबईच्या बंदरात उतरलेला माल विनाखंड पुण्यात येऊ लागला. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. बिडाचे ओतीव कठडे, दारांवरच्या कमानीत रंगीत काचा, लोखंडी गजांच्या मोठ्या खिडक्या आणि रस्त्यावर डोकावणारी गॅलरी हे या पिढीचे दागिने. चोरा-लुटारूंचे भय ओसरले तसे घराने रस्त्याकडे तोंड वळवले.

८/ याच पिढीच्या घरांवर आज सर्वांत मोठा अन्याय होतो. बिडाचा कठडा ‘विलायती’ म्हणून भंगारात जातो, रंगीत काचेच्या जागी प्लायवूड येते आणि त्यावर ‘अस्सल मराठमोळी’ महिरप ठोकली जाते. वस्तुतः ज्या घरात आजी गॅलरीत उभी राहून पालखी पाहत असे, त्या घराचे अस्सलपण त्या कठड्यातच होते. बिडाचा एखादा तुकडा तुटला असेल तर शाबूत तुकड्यावरून साचा घेऊन ओतशाळेत तसाच ओतून घेता येतो.

९/ छपराकडे कोणी पाहत नाही, पण घराचे रूप निम्मे त्यावर ठरते. जुनी नळीची कौले हाताने घडवलेली, किंचित वेडीवाकडी. मंगळुरी कौले साच्यातली, खाचेत खाच बसणारी. दोन्हींना पावसाळ्यापूर्वीची शाकारणी हवी. भिंतीपुढे हात-दोन हात आलेली वळचण पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर टाकते. कौले काढून भिंतीलगत संपणारा पत्रा घातला की पहिल्याच आषाढात गिलाव्यावर काळे ओघळ उतरतात आणि मग दोष रंगाला दिला जातो.

१०/ आता मुख्य गोष्ट, गिलावा. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुनखडी भट्टीत भाजायची, कळीचा चुना पाण्यात विरवून मुरू द्यायचा, मग वाळू आणि विटांची सुरखी घालून बैलांच्या घाणीत मळायचा. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, तागाचे तंतू असे जिन्नस प्रांतागणिक त्यात पडत. असा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून संथपणे घट्ट होतो आणि घट्ट झाल्यावरही सच्छिद्र राहतो. भिंत पावसात थोडी ओल घेते आणि उन्हात सोडून देते.

११/ त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ही ये-जा थांबते. बारीक भेगांतून पाणी आत शिरते, पण बाहेर पडू शकत नाही. विटांतले क्षार पृष्ठभागाखाली साचून वीट भुसभुशीत करतात. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे भिंतीत रुतलेली तुळयांची टोके आतल्या आत कुजतात. बाहेरून घर नवे कोरे दिसत असते. काही पावसाळ्यांनंतर मजला झुकतो आणि लोक म्हणतात, वाडा जुनाच होता. अनेक वाड्यांच्या पडझडीत वयापेक्षा या कवचाचा वाटा मोठा असतो.

१२/ गिलावा कशाचा आहे हे खिळ्याने ओरखडून कळते. चुन्याचा असेल तर पांढुरकी किंवा सुरखीने तांबूस झालेली भुकटी सुटते. सिमेंट करडे असते आणि खिळ्याला दाद देत नाही. सिमेंट काढायचे तर हलक्या हाताने छिन्नी चालवावी, विटेचे तोंड फुटू देऊ नये. चुन्याचे काम पावसाळा संपल्यावर घ्यावे, थर पातळ द्यावेत आणि प्रत्येक थराला पाणी मारत वेळ द्यावा. चुना जाणणारे गवंडी थोडे उरले आहेत, पण आहेत. त्यांना काम मिळत राहिले तरच पुढची पिढी तयार होईल.

१३/ लाकडाविषयी. दरवाजावर तैलरंगाचे आठ-दहा थर चढलेले असतात आणि कोरीव काम त्याखाली बुजलेले असते. ते वाळूच्या फवाऱ्याने उडवू नये; त्यात रंगाबरोबर कोरणीची धारही जाते. थर हळूहळू सोडवावेत आणि लाकूड जवसाच्या तेलाने मुरवावे. चौकटीचा खालचा वीतभर भाग कुजला असेल तर तेवढाच कापून जुन्या सागाचा तुकडा सांधावा. सबंध चौकट बदलण्याचा सल्ला देणाऱ्याला आधी दुसऱ्या सुताराकडून पडताळून पाहावे.

१४/ रंग निवडण्यापूर्वी वळचणीखालच्या आडोशाच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा थराथराने खरवडावी. सर्वांत खालचा रंग हे घराचे स्वतःचे म्हणणे. बहुधा तेथे साधी सफेदी सापडते, किंवा चुन्यात कालवलेली पिवडी, गेरू अथवा नीळ. हे मातीचे रंग कालांतराने विटतात आणि विटतानाही शोभतात. प्लास्टिकसारखा थर देणारे आजचे रंग चुन्याच्या भिंतीला सिमेंटइतकेच गुदमरवतात.

१५/ पैसे कमी असतील, आणि बहुतेकांकडे कमीच असतात, तर जोडण्याऐवजी काढण्यापासून आरंभ करावा. लोंबणाऱ्या वायरी एका नळीत घेऊन कडेने न्याव्यात. वातानुकूलन यंत्र मागच्या बाजूस हलवावे. महिरप झाकणारा दुकानाचा फलक लहान करावा. ओट्यावरचा राडारोडा हलवावा. या ओट्यावरच एके काळी संध्याकाळी शेजारी टेकत आणि वाटसरू पाणी पीत. तो मोकळा झाला तरी घराचा चेहरा उजळतो.

१६/ चुन्याचा हा आग्रह सर्व जुन्या घरांना लागू नाही. मुंबईत दादर, माटुंगा, शिवाजी पार्क या भागांत १९३० आणि १९४० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारती मुळातच सिमेंट-काँक्रीटच्या आहेत. तेथे सिमेंट हेच कालसुसंगत. त्यांची ओळख म्हणजे गोलाईच्या बाल्कन्या, खिडक्यांवरून सलग धावणारे छज्जे, जहाजासारख्या गोल खिडक्या, उगवत्या सूर्याची लोखंडी जाळी आणि उठावाच्या अक्षरांतले इमारतीचे नाव. तेथले नुकसान होते ते सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांनी आणि बाहेर काढलेल्या पिंजऱ्यांनी.

१७/ याच शैलीच्या मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानालगतच्या इमारतींना, समोरच्या व्हिक्टोरियन गॉथिक वास्तूंसह, २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. जे त्या काळी निव्वळ भाड्याचे ब्लॉक होते, ते ऐंशी वर्षांत वारसा झाले. आज ‘नुसते जुने’ वाटणाऱ्या घराविषयी घाईने निकाल देऊ नये, एवढा धडा यातून घ्यावा.

१८/ घरमालकाला दोष देणे सोपे आहे. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतले कित्येक वाडे नेले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेल्या भाड्यात कौलांची शाकारणीही निघेना. मालक हताश, भाडेकरू धास्तावलेले, वारस विखुरलेले आणि दारात बांधकाम व्यावसायिकाचा प्रस्ताव. अशा परिस्थितीत कोणी घराचे तोंड सावरू पाहतो, तेव्हा तो बाजाराच्या उलट दिशेने पोहत असतो. त्याला कौतुकाइतकीच नेमक्या माहितीची गरज असते.

१९/ मूळ तपशील हरवलाच असेल तर? शेजारचे त्याच काळातले घर पाहावे, घरातल्या लग्नाच्या जुन्या छायाचित्रांची पार्श्वभूमी तपासावी. पुरावा मिळाला तर तसेच घडवावे आणि नव्या तुकड्यावर आतल्या बाजूस दुरुस्तीचे साल कोरून ठेवावे. पुरावा न मिळाल्यास जागा साधी सोडावी. कोऱ्या भिंतीने घराची शोभा उणावत नाही; कल्पित कोरीव काम मात्र पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल करते. घर महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर काम काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते, हेही ध्यानात असावे.

२०/ घराचा दर्शनी भाग ही रस्त्याशी केलेली बोली आहे. घर कधीचे, कोणत्या ऐपतीचे, कोणत्या भयाचे नि कोणत्या हौसेचे, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो. ते सांगणे खरे राहावे एवढीच कालसुसंगत दुरुस्तीची अपेक्षा. वाचकांनी आपापल्या घराच्या, आजोळच्या किंवा गल्लीतल्या दरवाजावरचे शके शोधावे आणि छायाचित्रासह येथे खाली नोंदवावे. पाडकामापूर्वी झालेली अशी एक नोंदही पुढे मोलाची ठरते.