आईने दिलेला स्टीलचा डबा
मैत्रिणींनो, स्टीलला गंज चढत नाही असे तुम्हीही समजत असाल, तर माझ्या स्वयंपाकघरात काय झाले ते ऐका.

माझ्या लग्नात आईने दिलेल्या भांड्यांत एक मोठा डबा होता. त्यावर माझे नाव नि लग्नाची तारीख घातलेली. गेल्या मे महिन्यात खारातले आंबे घालायला घेतले, तर बरणीला चीर गेलेली. म्हटले, स्टीलला काय होतंय! आणि मिठाच्या पाण्यासकट कैऱ्या त्या डब्यात भरल्या. गणपतीच्या आधी उघडून पाहते तो आत तपकिरी ठिपके. बोट फिरवले तर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे लागले.

राग काढला तो भांडी घासणाऱ्या मावशींवर. "तारेची घासणी लावलीत ना? आईची आठवण होती ती!" मावशी एवढेच म्हणाल्या, "वहिनी, मे महिन्यापासून तो डबा माझ्या हातात आलाय कुठे?"

तरी मी ऐकते कसली! म्हटले, मग स्टीलच खोटे असणार. फ्रिजवरचे लोहचुंबक काढून डब्याला लावले. चिकटले नाही. म्हणजे अस्सल! शेवटी धातूंचे शिक्षण घेतलेल्या भाच्याने डोळे उघडले. चांगल्या ३०४ जातीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम नि ८ टक्के निकेल असते. स्वस्त जातीत निकेल कमी करून मँगनीज घालतात, आणि चुंबक त्यालाही चिकटत नाही. उलट ४३० जातीला चिकटते, पण तेही खरे स्टेनलेसच. तेव्हा चुंबकाची परीक्षा फसवी. खरेदी करताना भांड्याच्या बुडावरचा शिक्का पाहावा. २०२४ साली केंद्र सरकारने स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे करणारा आदेशही काढला आहे.

आणि गंज? क्रोमियममुळे स्टीलवर हवेतच एक पातळ, न दिसणारा पापुद्रा धरतो. तोच त्याचे रक्षण करतो. मीठ नेमका तो फोडते. तीन महिने खारात राहिल्यावर उत्तम स्टीलही टिकत नाही. आपल्या रत्नागिरीत तर वाराच खारा. आमची खिडकी मांडवीच्या बाजूची, म्हणून सिंकवर नि शेगडीवर चहासारखे डाग येतात. साध्या पाण्याने धुवून लगेच कोरडे पुसले की येत नाहीत. आलेच, तर खायचा सोडा ओला करून मऊ फडक्याने, स्टीलवरच्या रेघांच्या दिशेने चोळा. पाण्याचे पांढरे डाग नि तापून आलेली निळसर झाक लिंबाच्या फोडीने जाते, पण लिंबू लगेच धुवून टाका. दूध करपले तर सोड्याचे पाणी उकळून तसेच ठेवा नि लाकडी उलथन्याने सोडवा. तारेची घासणी नको. तिचे लोखंडी कण भांड्यावर राहतात नि तेच गंजतात. सिंकमध्ये ब्लीचिंग पावडरही नको. भातात, भाजीत मीठ घालायचे ते पाण्याला उकळी आल्यावर, आणि लगेच ढवळायचे.

खड्डे मात्र जात नाहीत. डब्यात आता कोरडे पोहे असतात.

मावशींची माफी मागायला मला आठवडा लागला, खोटे कशाला बोलू! त्या काही बोलल्या नाहीत. परवा मात्र त्यांनी घरची चिनी मातीची बरणी आणून ओट्यावर ठेवली. "पुढल्या मे महिन्याला होईल," म्हणाल्या, आणि भांडी घासायला बसल्या.