पाऱ्याच्या गावाहून

इद्रिया, शनिवार रात्र

ती. मावशीस,


पश्चिम स्लोव्हेनियातल्या डोंगरांच्या बेचक्यात हे गाव आहे. आज गेवेर्केनेगचा किल्ला पाहिला. गोल बुरूज, मधे चौक, भोवती कमानींच्या ओवऱ्या आणि भिंतींवर चित्रं. थाट सगळा राजवाड्याचा, पण बांधला तो खाणीच्या भागीदारांनी, १५२२ ते १५३३च्या दरम्यान. कचेरी थाटायला आणि पारा साठवायला.

पाऱ्यासाठी किल्ला कशाला, असं तुला वाटेल. खनिजातून सोनं-चांदी वेगळी काढायला तेव्हा पारा लागायचा आणि तो फार थोड्या ठिकाणी मिळायचा. स्पेनमधल्या अल्मादेनखालोखाल जगातली पाऱ्याची सर्वांत मोठी खाण हीच होती. १४९०च्या सुमारास लाकडी भांडी घडवणाऱ्या एकाने भांडं ओढ्यात भिजत ठेवलं आणि तळाशी चकाकतं, जड काहीतरी सापडलं, अशी कथा इथे सांगतात. २२ जून १५०८ला खनिजाचा समृद्ध थर लागला. तो दिवस गाव अजून साजरा करतं. १५७५मध्ये हॅब्सबर्ग राजघराण्याने खाण ताब्यात घेतली. पुढे सत्ता बदलत गेल्या, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तर गाव इटलीत होतं, तरी खाण चालूच राहिली. पाचेक शतकांत एक लाख टनांहून जास्त पारा इथून गेला.

इद्रिया, रविवार

मावशी,

आज खाणीत उतरले. १५००मध्ये खोदलेल्या अंतोनीच्या बोगद्यातून आत जातात. आत खाणकामगारांचं छोटं प्रार्थनास्थळ आहे. हिंगुळाचा, म्हणजे पाऱ्याच्या खनिजाचा, लाल खडक दिसतोच, पण काळ्या दगडावर जागोजागी पाऱ्याचे थेंब आपोआप सुटलेले असतात. ते इतके सुंदर दिसतात की त्यांनी माणसं मारली हे मनाला पटवून द्यावं लागतं. १७५४मध्ये स्कोपोली नावाचा तरुण डॉक्टर खाणीचा वैद्य म्हणून इथे आला. खाणकामगारांच्या हातापायांचं कापरं, सुटलेली लाळ, हलणारे दात, सारं त्याने बारकाईने पाहिलं आणि १७६१मध्ये ग्रंथात नोंदवलं. वनस्पतींचाही तो मोठा अभ्यासक. इथल्या रानातल्या एका वनस्पतीला पुढे त्याचंच नाव मिळालं. मला मात्र त्याची थोरवी त्या कापऱ्या हातांच्या नोंदीत वाटते. किल्ल्यातल्या हिशेबांत पाऱ्याचं वजन होतं. मजुरांच्या शरीरावर काय बेतलं, हे या माणसाने लिहून ठेवलं.

खाणीतलं पाणी उपसायला १७९०मध्ये उभारलेलं १३.६ मीटर व्यासाचं लाकडी चाक अजून जपलं आहे. ते १९४८पर्यंत फिरत होतं.

तुला आवडेल ती गोष्ट शेवटी लिहिते. नवऱ्याच्या मजुरीत भागेना म्हणून इथल्या बायका लेस विणू लागल्या. तुझ्या क्रोशासारखी सुई नाही. गोल उशीवर नक्षीचा कागद टाचण्यांनी लावायचा आणि दोऱ्याच्या लाकडी कांड्या जोडीजोडीने एकमेकींवरून फिरवायच्या. १८७६मध्ये सुरू झालेली लेसची शाळा आजही भरते. खाण बंद झाली, खालचे मजले पाण्याने भरले. शाळेत मात्र मुली येतात, मुलगेही येतात. तुझ्यासाठी एक लहान तुकडा घेतला आहे. किंमत विचारू नकोस. विणणारीने मागितले तेवढे दिले, घासाघीस करावीशी वाटली नाही.

तुझी भाची