अंग धरणे

आईच्या हृदयातील झडप बदलून तिला देवळीला आणले, तेव्हा भेटीस येणारे म्हणत, "बारीक झालात काकू, बरं झालं!" मलाही ते पटे. तिला बसवलेली 'चित्रा' झडप तिरुअनंतपुरमच्या संस्थेत घडलेली. १९९० साली ती प्रथम माणसाला बसवली गेली. झडप टिकेल, प्रश्न ती वागवणाऱ्या देहाचा होता. डॉक्टरांनी वजनापेक्षा, हात न टेकता खुर्चीतून उठता येते का, ते पाहिले. तिला उठता आले नाही. चरबी किती नि स्नायू किती, हे काटा सांगत नाही. आणि स्नायू झिजलेल्या रुग्णांना झडप बदलल्यानंतरही मृत्यूचा धोका अधिक असतो. 'अंग धरणे' हा वाक्प्रचार मी वर्गात किती सहज समजावून देत आलो! हल्ली एकादशी आली की आमचा वाद ठरलेला. परवा द्वादशीला मात्र तिने आपणहून वरणाची दुसरी वाटी मागितली.