सायखेडा की सारंगखेडा?

ऑफिसात कुणी गाव विचारलं आणि मी 'सायखेडा' म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. "अरे वा, घोड्यांच्या जत्रेचं ना?" नाही हो! घोडेवालं ते सारंगखेडा, नंदुरबार जिल्ह्यातलं, तापीकाठचं. आमचं सायखेडा निफाड तालुक्यातलं, गोदाकाठचं. आमच्याकडे कांदा, द्राक्षं आणि पावसाळ्यात पुराचं टेन्शन. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तर गोदामाई थेट गावात शिरली होती. घोडा आमच्याकडे येतो तो फक्त नवरदेवाला घेऊन.

शेवटी म्हटलं, एवढे लोक चुकतात तर एकदा बघूनच येऊ. दत्तजयंतीला जोडून रजा टाकली, आतेभावाला गाडीत घातलं आणि नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी टिपायला घेतलेली टेलिलेन्स सोबत घेतली. चांदवड, मालेगाव, धुळे, दोंडाईचा... २०० किलोमीटरच्या वर ड्राइव्ह. (गाडी नसेल तर सुरत-भुसावळ लाइनवरचं दोंडाईचा स्टेशन जवळचं.)

एकमुखी दत्ताचं देऊळ, पाळणे, जिलेबी आणि मग नजर पोचेल तिथवर घोडे! कानांची टोकं एकमेकांना टेकवणारे मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे. गिऱ्हाईक आधी दात बघून वय काढतं, मग अंगावरचे भोवरे तपासतं. चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी दिसला की भाव चढलाच म्हणून समजा.

पहिल्या दिवसाचे माझे फोटो मात्र सॉलिड फसले. नुकरे राखाडी आले, कारण एवढं पांढरं बघून कॅमेऱ्याचं मीटर गंडतं. एका बाबांच्या घोडीचा फोटो वाइड लेन्सने अगदी जवळून काढला, तर नाक भोपळ्याएवढं आणि मागे अंग शेळीएवढं. बाबांनी स्क्रीन बघितली आणि हसत सुटले. "तुम्ही तं घोडीले गधडी करी टाकी!"

मग त्यांनीच शिकवलं. लांब जा, तिच्या खांद्याच्या उंचीला वाका, मागे कधीच उभं राहू नका, फ्लॅश तर अजिबात नको. कान पुढे आले तरच क्लिक. त्यासाठी आतेभाऊ माझ्या पाठीमागे घमेल्यात चणे खुळखुळवत उभा. आतेभावाची करमणूक, घोडीची निराशा.

दुपारी रेवाळ चालीच्या शर्यती. मी १/१००० वर शटर लावून तयार. १८७८ मध्ये मायब्रिजने कॅलिफोर्नियात धावत्या घोडीचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात हे फोटोत पकडलं होतं, तेच डोक्यात. पण रेवाळमध्ये घोडा उडत नाही, सरपटल्यासारखा पळतो, आणि स्वार सोफ्यावर बसल्यासारखा स्थिर! वेगवान शटरने सगळं पुतळ्यासारखं आलं. १/४० वर आणून कॅमेरा घोड्याबरोबर फिरवला, तेव्हा पायांचा धुरळा आणि वर शांत बसलेला माणूस मिळाला. चाळीसात दोन फोटो बरे. चालतं.

संध्याकाळी परत गेलो तर घोडी विकलेली. बाबांचा मुलगा सुरतला कामाला, तिचं करणार कोण? टेम्पो लागला होता. "एक फोटू काढा," बाबा म्हणाले. सकाळचे घमेलेवाले दाखवले, तर म्हणाले, त्यात मी कुठे आहे?

उजेड जवळजवळ गेलेला. फ्लॅश मारायचा नाही. आयएसओ ६४००, शटर १/१५, श्वास रोखून तीन फ्रेम्स. दोन पार हललेल्या. तिसरीत बाबा स्पष्ट, घोडीचा एक कान पुसट. तेवढ्यात टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

नाशिकला आठ बाय बाराची प्रिंट काढून कुरिअर केली, सोबत कान हलल्याबद्दल सॉरीची चिठ्ठी. आठवड्याने बाबांचा फोन. सॉरीचं त्यांना काही कळलंच नव्हतं.

"हालना कसा म्हनतस? ती मन्हाकडे वळनी व्हती ना!"