मालगाडी मोजणारी मुलं

इंजिनिअरिंग कॉलेजात नव्याने रुजू झालेल्याला जो तो एकच सांगतो, तयारी करून जात जा. माझी नोकरी जशी जुनी होत गेली तसा हा सल्ला मला पटेनासा झाला. एम.टेक. करून आलेलं पोरगं रात्री उशिरापर्यंत नोट्स काढतं, सकाळी त्या फळ्यावर उतरवतं आणि तास संपल्यावर पोर्शन पुढे सरकला म्हणून खूश होतं. वर्गात कोण बसलंय, हे त्याला सेमिस्टर संपेपर्यंत कळत नाही. फळ्याकडे तोंड करून उभं राहिलं की भीती कमी वाटते, हेही त्यामागे असतंच.

रॉबर्ट बॉइस नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अशा नवशिक्या प्राध्यापकांवर पुष्कळ वर्षं नजर ठेवली. त्याचं पुस्तक २००० साली आलं. एक-दोन वर्षांतच बस्तान बसवणारे त्याला शंभरात पाचच्या आसपास दिसले. ते इतरांपेक्षा हुशार नव्हते. तासाभराच्या लेक्चरसाठी दोन तासांवर तयारी करत नव्हते, रोज थोडंसं लिहीत होते आणि सहकाऱ्यांत उठबस ठेवत होते, एवढंच. केमिकल इंजिनिअरिंगच्या रिचर्ड फेल्डर यांनी हे म्हणणं आमच्या जमातीपर्यंत पोचवलं. मला ते मान्य आहे. फक्त, तयारीतून वाचवलेले तास आमच्या चंद्रपुरात कुठे घालवायचे, हे बॉइसला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. चंद्रपुरात १९८३ मध्ये खासगी आणि १९९६ मध्ये सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. गडचिरोलीकडच्या मुलाला डिग्री करायची तर कितीतरी वर्षं चंद्रपूर नाहीतर नागपूर, एवढंच होतं. त्यामुळे एका बाकावर वेकोलिच्या, म्हणजे कोळसा खाणीच्या, कॉलनीत हिंदी बोलत वाढलेला मुलगा असतो, त्याच्या शेजारी सिरोंच्याची घरात तेलुगू बोलणारी मुलगी, मागे मुलचेऱ्याकडचा बंगाली, आणि अगदी कोपऱ्यात एटापल्लीकडच्या आश्रमशाळेतून आलेला, घरी माडिया बोलणारा. पुस्तक मात्र सगळ्यांचं इंग्रजी.

हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये कळलं नाही, ॲडमिशनसाठी फिरताना कळलं. बारावीचे निकाल लागले की मास्तरांना गाड्यांत बसवून गावोगाव पिटाळायचं, ही खासगी कॉलेजांची रीत. ही वेठबिगारीच आहे. तिच्याविरुद्ध मी स्टाफरूममध्ये पुष्कळ बोललोय आणि पुढेही बोलेन. पण गडचिरोलीत धानोऱ्याच्या बाजूला एका अंगणात मोहफुलं वाळत होती आणि मुलाचा बाप ब्रँच कोणती हे न विचारता मेसचे पैसे महिन्याला भरायचे की एकदम, हे विचारत होता. मे महिन्यात हजेरीपटावर काही नावांपुढे सलग गैरहजेरी का दिसते, ते तिथे उमगलं. तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. घरातले सगळे हात जंगलात लागतात आणि त्याच पैशांतून पुढची फी निघते. नव्या मास्तराने पटावर लाल शेरा मारण्याआधी निदान हे माहीत करून घ्यावं. शेरा मारायचा की नाही, हे त्याने मग ठरवावं.

आता शिकवण्याचं. रँकिन सायकल परदेशी पुस्तकातल्या आकृतीवरून शिकवायची, आणि खिडकीतून दिसतंय काय, तर २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र! मी आकृतीआधी एक प्रश्न देतो. आपल्याकडच्या कोळशाने एक युनिट वीज काढायला साधारण सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो असं धरा. सगळे संच पूर्ण क्षमतेने चालले तर तासाला किती लागेल? उत्तर दोन हजार टनांच्या घरात येतं. मग, एक मालगाडी किती वेळ पुरेल? इथे तो कोपऱ्यातला कधी नव्हे तो बोलतो. त्याची खोली रुळांच्या बाजूला असते आणि त्याने डबे मोजलेले असतात. ‘अठ्ठावन्न राहतेत सर.’ डब्यात साठ-पासष्ट टन धरले तर अख्खी गाडी दोन तासही पुरत नाही. वर्ग एकदम गप्प होतो, मग गलका होतो. इतका कोळसा जळतो तर त्यातली उष्णता जाते कुठे, हे पोरं आपणहून विचारतात, आणि कूलिंग टॉवर शिकवायला मला वेगळी प्रस्तावना लागत नाही. हा हिशेब इंग्रजीत मांडायला मी नंतर लावतो. परीक्षा इंग्रजीत आहे, तिथे सवलत देऊन मुलाचं भलं होत नाही.

राहिलं रोजचं थोडं लिहिणं. नव्या लोकांना पीएच.डी.चा विषय मिळत नाही, मग ते कुणाच्या तरी पेपरमधला अल्गोरिदम उचलून त्यात दोन टक्क्यांची सुधारणा दाखवतात. विषय तर खिडकीबाहेरच असतो. त्याच कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राख असते. म्हणजे वरच्याच हिशेबाने तासाला सहा-सातशे टन राख. काही सिमेंटमध्ये जाते, काही विटांत, उरलेली राखेच्या तलावात. सिव्हिलच्या एका नव्या मुलीला मी सांगितलं की सरळ तिथून सुरू कर, काँक्रीटचे क्यूब फोडायचं मशीन आपल्या लॅबमध्येच आहे. स्कोपसमध्ये छापून येईल का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आधी अठ्ठावीस दिवसांचे क्यूब तर फोड.