वारी, शाळा आणि वाफसा



२०२५ ला शाळा १६ जूनला उघडली आणि १८ जूनला तुकोबारायांची पालखी देहूतून निघाली. आषाढी ६ जुलैला. म्हणजे पोराला पायी पंढरपूरला नेलं की शाळेचे पहिले तीन आठवडे गेलेच.

नात पाचवीत. "आज्जीबरोबर दिंडीत जाणार" म्हणून हटून बसली.

मी नववीत असताना वडिलांनी मला असंच नेलं होतं. ती वारी जन्मभर पुरली, खोटं कशाला बोलू? मिळंल ते खाणं, जागा मिळंल तिथं झोपणं तिथंच शिकलो. पण परत आलो तर बीजगणितात पोरं पुढं गेलेली. ते कधी भरून निघालंच नाही. दहावी काठावर पास झालो. आजही उसाचा हिशेब आला की पोराला हाक मारतो.

पेरणीचं तसंच. वाफसा हुकला की मागून कितीही पाणी द्या, उगवण विरळच.

मग तोड काढली. पालखी आपल्या कासुर्डीवरून यवतला मुक्कामी जाते, तेवढा एक दिवस नातीला घेऊन चाललो. यवतची पिठलं-भाकरी खाल्ली, रात्री घरी. सकाळी आज्जी वरवंडच्या वाटेला, नात शाळेत. रडली जरा.

दहावी झाली की पुरी वारी, असा शब्द दिलाय. तोवर माझं गुडघं टिकायला पाहिजेत.

तुमच्याकडं काय करता?